गावात काय म्हणतात?

चुधरीभाऊ गेल्याची बातमी संस्थेच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली कुणी हात जोडले होते, कुणी रडकं तोंड लावलं होतं, आणि ज्या साहेबांनी त्यांना घालवलं होतं त्यांनी अंगठा दाखवला होता. वाचलं, एवढंच त्यांना म्हणायचं असणार. चुधरीभाऊ असते तर म्हणाले असते, "पाह्य, बटन सोपं केलं का मानूस काय काय दाबते."

दुसऱ्याच्या कीबोर्डाला ते हात लावत नसत. गडचिरोलीहून भामरागडला निघाले की एका पिशवीत कपडे आणि दुसऱ्या, कापडदुकानातून मिळालेल्या नायलॉनच्या पिशवीत कीबोर्ड. एसटीत तो मांडीवर असायचा. त्यावरची बरीच अक्षरं पुसली गेली होती आणि एका कोपऱ्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा जुना डाग होता. शेजारच्याने "यात काय हाय भाऊ?" असं विचारलं तर सांगायचे, "वाजवाचं सामान." हे गृहस्थ कुठल्या तरी भजनाला चाललेत असं समजून लोक सरकून जागा द्यायचे.

आमची संस्था भामरागडच्या आसपास दवाखाने चालवते. संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा सगळ्या संस्था आता एकाच भाषेत बोलतात. पावसाळ्यात तिकडच्या नद्या चढल्या की रस्ते तुटतात, आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. म्हणून ज्यांना रोजच्या गोळ्या लागतात, अशा प्रत्येकाच्या नावाचं एक पाकीट पाऊस लागण्याआधीच तयार करून आत पोचवायचं, अशी पद्धत. कुणाचं पाकीट, त्यात कोणत्या गोळ्या, हे चुधरीभाऊंचा प्रोग्राम सांगायचा. तो त्यांनी एकट्याने लिहिला होता. ते मूल गावाकडच्या धानपट्ट्यातले. पुण्यात चांगली नोकरी होती, ती सोडून परत आले. का आले, ते कधी धड सांगितलं नाही. "तिथला भात नाई जमला," एवढंच.

मी मोहर्लीची. वडील ताडोब्यात सफारीची जिप्सी चालवतात. आमच्याकडे वाघ पाहायला येणारे लोक रिसॉर्टच्या झोपाळ्यावर बसून ऑफिसच्या मीटिंगा करतात, एवढं चांगलं नेट आहे. त्यामुळे नेट नसणं म्हणजे काय, हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. मुलाखतीला साहेबांच्या शेजारी चुधरीभाऊ बसले होते, खर्ऱ्याची पुडी चोळत. साहेबांनी माझे मार्क, कोर्स, सगळं विचारून घेतलं. मग भाऊंनी एकच विचारलं.

"तुह्या प्रोग्रामवर आजपावतर कोन रागावलं?"

"कुणीच नाही," मी अभिमानाने म्हणाले.

"म्हंजे तो कोनी वापरलाच नाई."

नोकरी लागली, पण सुरुवातीला त्यांनी मला एक ओळ लिहू दिली नाही. भामरागडच्या दवाखान्यात पाठवलं, उसेंडी सिस्टरच्या मागे बसायला. सिस्टर तिथल्याच. गोंडी, मराठी, हिंदी तिन्हींत सारख्याच रागावणाऱ्या. स्वतः चुधरीभाऊही वर्षातून कितीतरी वेळा तसे बसायचे. त्यांची एक पद्धत होती: सिस्टर कम्प्युटरवर काम करत असताना आपण मागे स्टुलावर बसायचं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. सिस्टर चुकल्या, अडकल्या, भलतंच बटण दाबलं, तरी हात बाहेर काढायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. "हात मोकळा असला का आपन दाखवाले जातो," ते म्हणायचे. "आपन दाखवलं का तिची अडचन तिथंच मरते. मंग प्रोग्राम हाय तसाच राह्यते." बसून बसून हातांना मुंग्या यायच्या. पण त्या स्टुलावर मी जे शिकले ते कॉलेजात मला कुणी शिकवलं नव्हतं, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

त्यांचे मोजकेच नियम होते आणि ते सतत तेच ते बोलायचे. पहिला, "नेट नाई असं धरून चाल." दुसरा, 'सेव्ह झालं' असं मशीन म्हणाली तरी विश्वास ठेवायचा नाही, स्वतः जाऊन फाईल उघडून पाहायची. आणि तिसरा, ज्याच्यावरून ते कुणाशीही भांडायचे, "रिकामं चालते, खोटं नाई."

हा तिसरा नियम लाल चांदणीबद्दलचा होता. ऑनलाईन फॉर्मवर जे रकाने भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यांच्याशेजारी लाल चांदणी असते ना, ती त्यांच्या डोळ्यांत खुपायची. जंगलातल्या बाईला जन्मतारीख विचारली तर ती काय सांगणार? सर्वे करणारा तिच्या तोंडाकडे पाहून वय ठरवतो आणि तारीख टाकतो एक जानेवारी. अख्खी गावंच्या गावं एक जानेवारीला जन्मलेली आहेत. "मानूस खोटा नाई," भाऊ म्हणायचे. "चांदनीनं त्याले खोटं बोलाले लावलं." त्यांच्या प्रोग्राममध्ये एकही चांदणी नव्हती. माहीत नाही? सोडून दे, पुढे जा.

अपडेट हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. सकाळी मशीन सुरू केली आणि नेहमीचं बटण नेहमीच्या जागी नसलं की त्यांची पट्टी अशी चढायची की ऑफिसातला प्यून चहा बाहेरच ठेवून जायचा. "माह्या घरात येऊन माहा चमचा दुसऱ्या डब्यात ठेवते आन् म्हन्ते, तुमची सोय केली." सांगितलं की आपोआप प्रोग्राम लिहून देणारी जी साधनं अलीकडे आली, तीही त्यांनी करून पाहिली. आम्ही सगळे भोवती उभे होतो. त्यांनी रोग्यांची नोंदवही लिहायला सांगितली. डोळ्याचं पातं लवतंय तोवर समोर सुबक काम तयार, वर आभारही मानलेले. प्रत्येक रकान्याला लाल चांदणी. भाऊंनी ते शेवटपर्यंत वाचलं. "हुशार हाय," म्हणाले. "पन याच्यावर बी अजून कोनी रागावलं नाई."

ते देवमाणूस होते असं कुणी समजू नये. तोंड फाटकं, स्वभाव संशयी. आपला प्रोग्राम कसा चालतो ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही आणि कुणाला धड समजावलंही नाही. मी विचारलं तर "वाचून पाह्य" म्हणायचे, आणि वाचायला जावं तर एकेक ओळ अशी की तिचं तोंड कुठे, शेपूट कुठे कळू नये. चूक दाखवली तर दिवसभर बोलायचे नाहीत. त्यांनी जन्मात एकाच चुकीची कबुली मोकळेपणी दिली असेल, ती सोमारीची. तीही गोष्ट मला त्यांनी नव्हे, उसेंडी सिस्टरनी सांगितली.

तो प्रोग्राम नवा होता तेव्हाची गोष्ट. नदीपलीकडच्या एका गावातली सोमारी मडावी नावाची बाई दवाखान्यात आली. तिला मिरगीचे झटके यायचे. सिस्टरनी तिची नोंद केली. पुढे काही दिवसांनी त्याच गावची दुसरी बाई आली, तिचंही नाव सोमारी मडावी, वय तेवढंच, कार्डावरची जन्मतारीख अर्थातच एक जानेवारी. अंग दुखत होतं म्हणून रक्त तपासायला दिलं होतं. सिस्टरनी नाव टाकलं तर मशीन म्हणाली, ही बाई आधीच आहे. सिस्टर तेव्हा कम्प्युटरला नव्या होत्या. त्यांना वाटलं, मशीनला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. दुसरीचा रक्ताचा रिपोर्ट पहिलीच्या नोंदीवर चढला. दुसरीला सिकलसेल होता, आणि तिला काही नाही असं सांगून परत पाठवण्यात आलं. नंतर तिला बाजेवर घालून आणावं लागलं तेव्हा ती दुखण्याने ओरडूही शकत नव्हती. त्या वेळी ती वाचली.

चुधरीभाऊ डोंग्यातून नदी ओलांडून त्या गावात गेले, सिस्टरला बरोबर घेऊन. एकाच गावात, एकाच वयाच्या, एकाच नाव-आडनावाच्या दोन बाया असतील हे आपल्या डोक्यातच आलं नाही, असं त्यांनी गावच्या म्हाताऱ्या पाटलाला सांगितलं. पाटील गोंडीत काहीतरी म्हणाला आणि बसलेली सगळी माणसं हसली. सिस्टरनी मराठी करून सांगितलं, "तो म्हन्ते, सोमवारी जन्मली तिचं नाव सोमारी. सोमवार का एकदाच येते?"

"मंग तुमी ओळखता कसं?" भाऊंनी विचारलं.

यावर सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. ओळखायचं काय त्यात? ही चिंचेखालची सोमारी, ती घाटावरची. एकीचं घर मोठ्या चिंचेखाली, दुसरीचं नदीच्या उतारावर. जिला बाजेवरून आणलं होतं ती चिंचेखालची. भाऊ तिच्या अंगणात गेले आणि म्हणाले, "चूक माही होती." तिने त्यांना पाणी दिलं, आणि सिस्टरला विचारायला सांगितलं, आता तुमची मशीन मला ओळखेल का?

परत आल्यावर त्यांनी प्रोग्राममध्ये एक नवा रकाना घातला. नावाच्याही वर, सगळ्यांत आधी: 'गावात काय म्हणतात?' पाकिटावरही तेच मोठ्या अक्षरात छापून यायला लागलं, आणि कागदावरचं नाव खाली, बारीक. मार्कंड्याच्या जत्रेत ते मला एकदा भोंग्याखाली उभं करून म्हणाले होते, "आइक." एक म्हातारी गर्दीत हरवली होती. भोंग्यावरचा माणूस तिचं नाव एकदाच बोलला, आणि मग पुन्हा पुन्हा तेच: हिरवं पातळ, हातात गोंदण, कोनसरीकडची, लेकीसंगं आलेली. "हा कम्प्युटर न शिकलेला मानूस हाय," भाऊ म्हणाले. "पन त्याले म्हातारी सापडाची हाय."

चुकीचे संदेशही त्यांनी सोमारीच्या प्रकरणानंतरच बदलले. प्रोग्राम अडला की पडद्यावर यायचं, 'चूक तुमची नाई, माही हाय. चुधरीले फोन लावा.' खाली त्यांचा नंबर. आणि काम चालू असलं की, 'थांबा जरा, लिहून राह्यलो.' एकदा मुंबईहून पाहुणे आले होते, देणगी देणारे. त्यांनी ते वाचलं, हसले आणि फोटो काढला. साहेबांना कुठे तोंड लपवू असं झालं. दुसऱ्या दिवशी हुकूम, सगळं प्रमाण मराठीत करा. भाऊंनी मुकाट्याने केलं: 'त्रुटी आढळली. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' आणि सिस्टर लोकांचे फोन बंद झाले. साहेब खूश, प्रोग्राम सुधारला म्हणून. खरं म्हणजे त्रुटी आढळली की ती आपलीच असणार असं धरून पोरी गप्प बसत होत्या आणि कागदावर लिहून वेळ निभावत होत्या. भाऊंनी जुने संदेश परत घातले, कुणालाही न विचारता. फोन पुन्हा वाजायला लागले, वेळी-अवेळी, जेवताना, लग्नात. ते उचलायचे.

मग नवी प्रणाली आली. कोणत्या तरी मोठ्या शहरातली कंपनी, संस्थेच्या वरच्या लोकांनी पक्की केलेली. चंद्रपूरच्या एका हॉटेलात बैठक ठेवली होती. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा, त्यावर रंगीत ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की आकडे फुलायचे. सादर करणारा तरुण चांगला होता, खोटं कशाला बोलू, नम्रपणे बोलत होता. भाऊंनी विचारलं, "नेट नसन तं?" तो म्हणाला, "सर, आता सगळीकडे नेट आहे." मग तो आमच्या जुन्या प्रोग्रामकडे वळला. सर्व माहिती नव्या प्रणालीत आणताना ती स्वच्छ केली जाईल, एकाच व्यक्तीच्या दुहेरी नोंदी आपोआप काढल्या जातील. आणि हा जो रकाना आहे, 'गावात काय म्हणतात?', हा कुठल्याच मानकात बसत नाही, तो घेता येणार नाही.

त्या क्षणी चुधरीभाऊंनी फक्त सोमारीची गोष्ट सांगायची होती. पाटील काय म्हणाला, बाज कशी आली, एवढंच. ज्या आवाजात ते सिस्टरशी बोलायचे त्या आवाजात. तो तरुण ऐकणारा होता, मला आजही तसं वाटतं. पण भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "तुह्या बापानं तरी भामरागड पाह्यलं हाय का?"

त्यानंतर रकान्याबद्दल कुणी बोललं नाही, चुधरीभाऊंच्या वागण्याबद्दल बोलले. साहेबांनी त्या तरुणाची सगळ्यांदेखत माफी मागितली. एकाने मुद्दा काढला की यांचा प्रोग्राम यांच्याशिवाय कुणालाच कळत नाही, उद्या हे नसले तर? हा मुद्दा खरा होता. त्यावर भाऊ बैठक सोडून बाहेर खर्रा घोटत उभे राहिले. मला त्यांचा राग येतो तो यासाठी. जे त्यांना ठाऊक होतं ते त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनी एका शिवीत घालवलं.

पुढच्या करारात त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी गडचिरोलीत तहसीलच्या बाजूला एक गाळा घेतला, झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरून मिळतील. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या पोर्टलवर लोकांचे अंगठे, ओटीपी आणि लाल चांदण्या. मी गेले की म्हणायचे, "खोटं भरत नाई अजून. गिऱ्हाईक परत पाठवतो." गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जायचं, तिथे सगळं भरून मिळायचं.

रकान्याबद्दल मी मेल लिहिला, सोमारीची गोष्ट सविस्तर घालून. उत्तर आलं, पुढच्या टप्प्यात पाहू. पुढच्या महिन्यात सगळ्यांना अभिनंदनाचा मेल आला की माहिती स्वच्छ झाली आणि दुहेरी नोंदी निघाल्या. मी सोमारी मडावी शोधली. एकच सापडली, मिरगीची. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा पुढचा टप्पा.

पाऊस लागायच्या आधी पाकिटं आत गेली, या वेळी नव्या प्रणालीच्या यादीप्रमाणे. त्या गावासाठी सोमारी मडावी नावाचं एकच पाकीट होतं, त्यात मिरगीच्या गोळ्या. सिस्टरच्या लक्षात आलं, पण तोवर नदी चढली होती. त्यांच्याकडे जे सुटं औषध होतं ते त्यांनी चिंचेखालच्या सोमारीला धाडलं. ते संपलं. फोनला रेंज मिळाली की त्या गडचिरोलीला फोन करायच्या आणि इकडून उत्तर मिळायचं की अशी रोगी प्रणालीत दिसत नाही. ऐन पावसात चिंचेखालच्या सोमारीला ताप भरला, अंग धरलं. डोंगा घालता येईल असं पाणी नव्हतं. ती घरातच गेली.

नंतर आढावा बैठक झाली. गोळ्या असत्या तर ती वाचली असती असं ठामपणे म्हणता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेही खरंच असेल. इतिवृत्तात तेवढंच वाक्य आलं. मी त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटली. आईने काय झालं विचारलं तर मला सांगताही येईना, कारण कुणी काही केलंच नव्हतं. एक रकाना मानकात बसत नव्हता, एवढंच झालं होतं.

पण ते तिथेच संपलं नाही. गावातून मृत्यूची खबर फोनवर आली, आणि गडचिरोलीच्या कार्यालयात कुणीतरी नियमाप्रमाणे ती प्रणालीत चढवली. त्या गावात सोमारी मडावी एकच होती. तिच्यापुढे 'मृत' लागलं. घाटावरची सोमारी, जी धडधाकट घरी भात लावत होती, ती कागदोपत्री मेली आणि तिच्या मिरगीच्या गोळ्या बंद झाल्या.

सिस्टरनी फोन केला तो संस्थेला नाही, चुधरीभाऊंना. तो नंबर पडद्यावर पाहून पाहून त्यांना पाठ झाला होता. रस्ते सुरू झाले तसा भाऊंनी गाळा बंद केला आणि मला फोन केला, "चाल. तुही सई लागन." पासवर्ड माझ्याकडे होता, त्यालाच ते सही म्हणायचे. एसटीत नायलॉनची पिशवी मांडीवर होती. आलापल्लीला चहा प्यायलो तेव्हा म्हणाले, "मी त्या दिवशी सांगाले पायजे होतं. तोंडातून दुसरंच निघालं." मी चहाचे पैसे दिले.

दवाखान्यात घाटावरची सोमारी बाकावर बसली होती. तिच्या दंडावर भाजल्याची ताजी जखम होती. गोळ्या सुटल्यावर झटका आला तेव्हा ती चुलीपाशी होती.

सिस्टरनी टॅब्लेट घेतला. भाऊ सवयीने त्यांच्या मागे स्टुलावर बसले आणि हात मांड्यांखाली घातले. सिस्टरनी नाव, गाव टाकलं. पडद्यावर आलं, 'ही व्यक्ती आधीच नोंदणीकृत आहे. स्थिती: मृत.' जन्मतारीख बदलून पाहिली, तर 'मिळतीजुळती व्यक्ती सापडली' म्हणून प्रणाली पुन्हा त्याच मेलेल्या सोमारीकडे घेऊन गेली. माझ्या पासवर्डनेही तेच. मदतीच्या नंबरवर बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, रुग्णाच्या नोंदीत हयातीचा दाखला जोडा. नोंद मृत म्हणून बंद आहे, तिच्यात काही जोडता येत नाही, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे, मॅम."

"हिचा दुसरा काही उपाय हाय का, चुधरीभाऊ?" सिस्टरनी विचारलं.

भाऊंनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. "आन इकडं," म्हणाले.

टॅब्लेट हातात धरून ते सोमारीच्या पुढ्यात जाऊन बसले. तिला मराठी येतं, जेवढ्यास तेवढं.

"सोमारी, तुले मंगळवारी जन्माले घालू का?"

तिला कळलं नाही. सिस्टरनी गोंडीत समजावलं. सोमारीने थोडा विचार केला.

"गोळ्या भेटन का?"

"भेटन."

"मंग घाल."

एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, चुधरीभाऊंनी लिहिलं: मंगरी मडावी. लाल चांदणीचे सगळे रकाने भरले, एकूण एक खोटे. त्यांना इतकं सावकाश टाइप करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर हिरवी खूण आली, 'नोंदणी यशस्वी! धन्यवाद!' आणि वरून रंगीत कागदांचे तुकडे पडले, वाढदिवसाला पडतात तसे. भाऊ ते तुकडे थांबेपर्यंत पाहत राहिले. मग टॅब्लेट सिस्टरच्या हातात दिला. कीबोर्डाची पिशवी त्यांनी उघडलीच नव्हती.

मला तिथे दोन दिवस काम होतं, ते दुपारच्या एसटीने परत निघणार होते. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. हिवाळ्यात त्यांच्या तोंडाचं दुखणं निघालं आणि ते गावी, मूलला गेले, तिथूनच ती व्हॉट्सॲपची बातमी. त्यामुळे मला ते दिसतात ते त्या दुपारचे, दवाखान्याच्या दारात चपला घालताना.

औषधाच्या खिडकीवर नुकताच रुजू झालेला एक मुलगा होता, नागपूरकडचा. त्याने पडद्यावर पाहून हाक मारली, "मंगरी मडावी."

बाकावरून कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. सोमारीही इकडेतिकडे पाहत होती, कोण ही मंगरी म्हणून.

"घाटावरची," चुधरीभाऊ दारातून म्हणाले.

सोमारी उठली आणि खिडकीकडे गेली. मी वळून पाहिलं तेव्हा ते पिशवी काखेत धरून पायऱ्या उतरत होते.